खंड्याचा चुकणारा नेम

एका जंगलातल्या तळ्याकाठी एक म्हातारा खंड्या राहत असे. खंड्या म्हणजे पाण्यात सूर मारून मासे धरणारा तो निळ्या पंखांचा पक्षी, तुम्ही पाहिलाच असेल. तळ्यावर वाकलेल्या करंजाच्या फांदीवर तो पिल्लांची शाळा भरवी. शाळेचा रिवाज असा, की ज्याने त्याने आपला पहिला मासा गुरुजींपुढे ठेवायचा. एकेकाने ठेवला. एक पिल्लू तेवढे राहिले.

ते आळशी होते म्हणावे, तर सगळ्यांत जास्त बुड्या त्याच्याच. पण दरवेळी चोच रिकामी. काठावरचा बेडूक विचारी, "काय बाळा, आज नुसतीच आंघोळ?" आणि सारी फांदी हसे. पिल्लाला ते फार लागे. आईबापांनी भरवणे बंद केले होते, कारण पंख फुटल्यावर खंड्यांच्या घरी कोणी कोणाला भरवत नाही. सोबत्यांच्या चोचीतून निसटून काठावर पडेल त्यावर ते कसेबसे दिवस काढी. शेवटी एका कावळ्याने त्याला सुचवले, "उद्या माझ्याबरोबर गावात चल. उकिरड्यावर नेम धरावा लागत नाही." पिल्लाने होकार दिला आणि ते गुरुजींचा निरोप घ्यायला गेले.

गुरुजींनी त्याला अडवले नाही. जाण्याआधी एकदा सूर मारून दाखव, एवढेच म्हणाले. पिल्लाने सूर मारला, तो चुकला. गुरुजींनी पुन्हा मारायला लावला, तोही चुकला. मग ते म्हणाले, "तू दरवेळी माशाच्या पलीकडे पडतोस, आणि दरवेळी तेवढाच पलीकडे. ज्याला नेम नाही तो कधी इकडे पडतो, कधी तिकडे. तुझ्याइतका पक्का नेम या फांदीवर कोणाचा नाही. फसवते ते पाणी. मासा जिथे दिसतो, त्याच्या जरा अलीकडे असतो."

खरे तर पाण्याची ही गोष्ट गुरुजींनी पहिल्याच दिवशी सर्वांना सांगितली होती. पण घाबरलेल्याच्या कानात काही शिरत नाही. नेम चुकला असे त्याला सगळेच म्हणत. नेम आहे, असे आज पहिल्यांदा कोणी म्हटले होते. पिल्लाला रडूच आले. जरा वेळाने ते पुन्हा फांदीच्या टोकाला गेले. या खेपेस ते फारच अलीकडे पडले. बेडकाने तोंड उघडले, पण पिल्लू त्याच्याकडे न बघता गुरुजींकडे बघत होते. गुरुजींनी नुसती मान डोलावली. पुढच्या सुराला चोचीत एक मासोळी वळवळत होती.

रिवाजाप्रमाणे त्याने ती गुरुजींपुढे ठेवली. गुरुजींनी ती परत सरकवली आणि ते म्हणाले, "उपाशी शिष्याची दक्षिणा मी घेत नाही. ही तू खा. माझी उद्या आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी कावळा हाक मारायला आला, तेव्हा पिल्लू गुरुजींचा मासा आणायला पाण्यात गेले होते.

तात्पर्य : चुकणाऱ्याला त्याची चूक कोणीही दाखवते, त्या चुकीतले त्याचे बळ जो दाखवतो, तोच खरा गुरू.