खोचा बांध

माझी मुलगी जुई पळेल तेव्हा माझं तोंड रस्त्याकडे असलं तर काय करायचं, या एका विचारानं आदल्या रात्री माझा डोळा लागला नाही. बाहेरच्या माणसाला ही काळजी वेडगळ वाटेल. बोरखिंडीत ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

इथल्या कॉलेजच्या मैदानाला स्टेडियम नाही. पायऱ्या नाहीत, पत्र्याचं छप्परही नाही. मैदानाच्या कडेनं एक लांबच लांब मातीचा बांध आहे, एवढंच. बांधाच्या एका अंगाला मैदान, दुसऱ्या अंगाला खिंडीतून उतरणारा रस्ता. खो-खोचा सामना असला की सगळं गाव त्या बांधावर ओळीनं बसतं, आणि बसतं ते असं: एकाचं तोंड मैदानाकडे, शेजारच्याचं रस्त्याकडे, त्याच्या पुढच्याचं पुन्हा मैदानाकडे. खेळात मधल्या पाटीवर खेळाडू बसतात, अगदी तसं. जागा निवडता येत नाही. आधी बसलेल्याच्या उलट बाजूला तोंड करायचं. मैदान बघणाऱ्याला वाटलं की आपलं पुरेसं बघून झालं, तर तो शेजाऱ्याच्या पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, 'खो'. मग शेजारी मैदानाकडे वळतो आणि देणारा रस्त्याकडे. खो मागायचा नसतो. दिला तरच मिळतो. म्हणून याला म्हणतात खोचा बांध.

मी इथे आले ती कॉलेजात भूगोल शिकवायला. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा स्टाफरूममध्ये मोठ्यानं 'अंधश्रद्धा' असं म्हणाले होते. आता त्याच बांधावर आपल्या वाट्याला कुठली बाजू येईल म्हणून मी या कुशीवरून त्या कुशीवर होत होते. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या शेवटच्या दिवशी, अंतिम सामन्याआधी, गावातल्या पहिलीच्या मुलांचा एक छोटा डाव होतो. यंदा त्यात जुई होती. सरावाच्या दिवशी पाठीवर खो बसल्यावर उठायचं सोडून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हातांनी 'पळ, पळ' केलं. ती रडायला लागली. घरी येताना तिनं विचारलं, "तू बघणार का?" मी म्हणाले, "बघणार तर. डोळेसुद्धा मिटणार नाही." ती पायानं खडा उडवत पुढे चालायला लागली. तिला धीर आला, असं मी समजले.

म्हणून मी आप्पा रणदिव्यांकडे वशिला लावायला गेले. आप्पा गावातले सगळ्यात जुने प्रेक्षक. बाहेरून संघ आला की त्यांना मैदान दाखवायचं काम आपण होऊन त्यांनी घेतलेलं आहे.

"आप्पा, उद्या मला मैदानाकडची एक जागा धरून ठेवाल?"

"जागा धरायला ही काय एसटी हाय का मॅडम?"

संपलं. वर ते म्हणाले, "उद्या पाहुण्यांना गोष्ट सांगणार हाय. तुम्ही बी ऐका. दोन वर्षं झाली येऊन, अजून धड ऐकली न्हाई."

दुसऱ्या दिवशी पाहुणा संघ आला, त्यांचे पाठीराखेही आले. त्यांच्याबरोबरच्या सरांनी बांधावरची ती उलटसुलट ओळ पाहिली आणि आपल्या पोरांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय आजोबा, तुमच्या निम्म्या पब्लिकला मॅच आवडत नाही वाटतं?"

"आवडती. म्हणून तर पाठ केलीया," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी सगळ्यांना खाली बसवलं.

असं सांगतात, की कॉलेज तेव्हा नवं होतं. वर्ग शेडमध्ये भरायचे, पण मुलींचा खो-खोचा संघ असा होता, की पाहुणे हरायच्या तयारीनंच यायचे. दुःख एवढंच, की हे खिंडीपलीकडे कुणाला माहीत नव्हतं. जिल्ह्याहून पेपर यायचा. त्यात वृक्षारोपण यायचं, सत्कार यायचे, बोरखिंडीच्या मुली यायच्या नाहीत. एकदा निकाल छापून आला तर त्यात गावाचं नाव 'बोरगाव' असं पडलं. बोरगावच्या लोकांनी म्हणे हारतुरेही घेतले.

गावाला दोन गोष्टी हव्या होत्या. पेपरात पोरींचं नाव नीट यावं, आणि त्यांना एक स्टेडियम मिळावं. बऱ्याच खेट्यांनंतर जिल्ह्याचे साहेब मैदान बघायला यायला तयार झाले. बघणारी माणसं आहेत का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. सामन्याच्या दिवशी त्यांची जीप खिंड उतरली. खाली फाटा लागतो. एक वाट बाजाराला जाते, एक मैदानाला. पाटी नव्हती. ड्रायव्हरनं गाडी थांबवून हॉर्न वाजवला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, कारण अख्खं गाव बांधावर होतं, आणि बांधावरच्या सगळ्यांची तोंडं मैदानाकडे. आरडाओरडीत हॉर्न कुणाला ऐकू आला नाही. जीप बाजाराकडे वळली. बाजार बंद होता, सगळे दुकानदार सामन्याला आलेले. साहेब आल्या वाटेनं परत गेले. मागून निरोप आला तो असा, की बोरखिंडीत खेळाची आवड दिसून आली नाही.

"सगळं गाव बघत व्हतं," आप्पा म्हणाले, "म्हणून गाव कुणाला दिसलं न्हाई."

पाहुण्यांपैकी मागे बसलेली दोघं-तिघं हसत होती, ती इथे थांबली.

पुढच्या वर्षी साहेब पुन्हा एकदा यायला राजी झाले. पेपरवाला फोटोग्राफर घेऊन येतो म्हणाला. आता कुणीतरी रस्त्याकडे तोंड करून बसायला हवं होतं, सामना संपेपर्यंत. गाव जमलं. म्हातारे तरण्यांकडे बघायला लागले, तरणे पायाच्या अंगठ्याकडे. कोतवालाला सांगून पाहिलं, तर तो म्हणे म्हणाला, नोकरी काढून घ्या, पण हे सांगू नका. शेवटी हौसाबाई खिलारे उठली आणि म्हणाली, "मी बसते."

संघाची कप्तान मालन ही हौसाबाईचीच मुलगी. हौसाबाई गुऱ्हाळावर कामाला जायची. सामने थंडीत, गुऱ्हाळही थंडीतच, त्यामुळे लेकीला खेळताना तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. त्यात मालनचं लग्न ठरलेलं. हा तिचा शेवटचा सामना, हे सगळ्यांना माहीत होतं. बायका म्हणाल्या, तू नको गं, दुसरं कुणीही बसेल. त्यावर ती जे बोलली ते आप्पा तिच्याच शब्दांत सांगतात.

"दुसरं कुणी बसलं तर मालन पळाया लागल्यावर मान वळवणारच. मी वळवणार न्हाई, कारण मला एकदा वळवली तर परत फिरवता यायची न्हाई, ही माझी मला खात्री हाय."

आणि तिनं भैरोबासमोर जाऊन शपथ घेतली. पेपरवाल्याची आणि साहेबांची, दोन्ही गाड्या मैदानावर पोचल्याशिवाय मागं बघणार नाही.

सामना सुरू झाला. हौसाबाई बांधावर, पाठ मैदानाला, डोळे फाट्यावर. शेजारी तिची जाऊ सखू मैदानाकडे तोंड करून बसली होती. तिनं काय चाललंय ते सांगायचं असं ठरलं होतं, पण मालन पळायला उतरली आणि सखूच्या तोंडून शब्दच फुटेना. मग तिनं जावेच्या पाठीवर हात ठेवला. मालननं हुलकावणी दिली की हात दाबायचा, खांबाला वळसा घातला की पाठीवरून फिरवायचा. हौसाबाईनं तो डाव असा पाठीनं पाहिला. त्या दिवशी मालन पळाली तशी त्याआधी कधी पळाली नव्हती, असं सांगतात. पूर्ण डावात तिला कुणाचा हात लागला नाही. आप्पा याला आईच्या पाठीचं पुण्य म्हणतात.

मधेच खिंडीत धुरळा उठला. गाडी फाट्यावर येऊन थांबली आणि बाजाराकडे वळायला लागली. हौसाबाई बांधावर उभी राहिली, डोईवरचा पदर काढून हवेत फिरवला, आणि शेतातली पाखरं हाकलावीत तशी हाळी दिली. गाडी थांबली, मागे आली, मैदानाकडे वळली. पेपरवाला आणि फोटोग्राफर उड्या टाकतच उतरले. हौसाबाई पुन्हा खाली बसली, फाट्याकडे तोंड करून. एक गाडी यायची होती.

बोरखिंड जिंकली. गावानं मुलींना खांद्यावर घेतलं, हलगी लागली, सगळे वाजतगाजत गावात गेले. जाता जाता कुणी म्हणालं, चल हौसा, झालं आता. ती हलली नाही. मैदान रिकामं झालं. मग घोळक्यातून सुटून मालन एकटी परत आली. अंगभर माती. ती आईच्या मागे उभी राहिली, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "खो."

खो मिळाल्यावर बसून राहता येत नाही. खेळ न पाहिलेल्या हौसाबाईलाही एवढं ठाऊक होतं. ती उठली. तिच्या जागी मालन बसली, रस्त्याकडे तोंड करून. अशा रीतीनं शपथ जागेबरोबर मालनकडे गेली, मोडली नाही, आणि हौसाबाई वळली. समोर कुणी नव्हतं. पुसट झालेल्या चुन्याच्या रेघा होत्या आणि मातीत पावलं उमटलेली होती. त्यातली मालनची कोणती, हे ती म्हणे बराच वेळ शोधत होती.

साहेब आले नाहीत. मालन अंधार पडेपर्यंत तिथे बसली होती. पेपरात फोटो मात्र आला, गावाचं नावही बरोबर आलं. फोटोत मालन खांबाकडे झेपावताना दिसते, मागून. चेहरा नाही, पाठ आहे. हौसाबाईनं लेकीला खेळताना पाहिलं ते तेवढंच.

त्यानंतर गावानं ठरवलं, की रस्ता एकट्यानं बघायचा नाही. निम्मा-निम्मा बघायचा, आणि ज्याच्या वाट्याला मैदान आलं त्यानं आठवणीनं खो द्यायचा.

आप्पा थांबले. पाहुण्या सरांनी विचारलं, "आणि स्टेडियम?"

"येतंय की. दर निवडणुकीला खिंडीपतोर येतंय."

कुणी फारसं हसलं नाही. सर उठले आणि न सांगता बांधावर जाऊन बसले, ओळीत, मैदानाकडे तोंड करून, कारण त्यांच्या शेजारचा रस्त्याकडे होता. त्यांच्या पलीकडची जागा रिकामी होती आणि आप्पा माझ्याकडे बघत होते. मी जाऊन बसले. माझ्या वाट्याला रस्ता आला.

तुम्हाला वाटेल, गोष्ट ऐकून माझं मन शांत झालं असेल. तसं काही झालं नाही. हौसाबाई ती हौसाबाई. जुईनं पहिलं पाऊल टाकलं ते मी मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेलं आहे, कारण व्हिडिओ घेत होते. आपल्याच मुलीचं दुसऱ्यांदा असं काही हुकवायची माझी तयारी नव्हती. मान वळवायचीच, असं मी मनात पक्कं केलं. मास्तरीण आहे, सबब नंतर शोधता आली असती.

मागे शिट्टी वाजली. मुलांचा डाव सुरू झाला. चिमुकले आवाज येऊ लागले, 'खो', 'खो', आणि बांधावर हशा. मग पाठीवर हात आला, पाहुण्या सरांचा.

"मॅडम, तुमची मुलगी का ती, लाल रिबीनवाली? खो. वळा तुम्ही."

मी वळणारच होते. त्याच क्षणी फाट्यावर एक गाडी थांबली. पांढरी, चारचाकी, कडेला काहीतरी लिहिलेलं. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गाडी बाजाराकडे वळायला लागली. माझ्या दोन्ही बाजूंना सगळ्यांच्या माना मैदानाकडे वळलेल्या होत्या. पहिलीच्या मुलांचा डाव, कुणाला राहवणार? ती गाडी फक्त मला दिसत होती.

नंतर पुष्कळ विचार केला, पण मी तेव्हा काय विचार केला ते मला सांगता येत नाही. मी बांधावर उभी राहिले, ओढणी काढून हवेत फिरवली आणि ओरडले. वर्गात आवाज चढवला तरी घसा बसतो माझा. तो आवाज कुठून आला कोण जाणे. गाडी थांबली, मागे आली, मैदानाच्या रस्त्याला लागली. जवळ आली तेव्हा कडेची अक्षरं वाचता आली. 'मंडप, बिछायत व केटरर्स.' मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचलेल्या होत्या.

"लग्न कुठंय ओ?" ड्रायव्हरनं विचारलं.

मी त्याला बाजाराचा रस्ता दाखवला. मागे टाळ्या वाजत होत्या. वळले तेव्हा मुलं ओळीनं मैदानाबाहेर निघाली होती.

खो देऊनही मैदानाकडेच बघत राहिलेल्या सरांनी सांगितलं, ती उठली. पाठीवर खो बसल्याबरोबर उठली, धावली, पडली, पुन्हा उठली आणि एका मुलाला बाद केलं. सर सांगत होते आणि मी मातीत पावलं बघत होते. सगळी सारख्याच मापाची होती. आप्पा दुरून आले. ओढणी अजून माझ्या हातातच होती. त्यांनी ती पाहिली, बांधावर बसले आणि सरकून माझ्यासाठी जागा केली.

येतो म्हणालेला पेपरवाला त्या दिवशी आलाच नाही. संध्याकाळी त्याचा निरोप आला, की व्हिडिओ पाठवा, बघतो. पोरांनी पाठवला. आजही बोरखिंडीच्या मैदानाला स्टेडियम नाही, आणि आजही सामना असला की बांधावर गाव तसंच बसतं, एक तोंड खेळाकडे, एक तोंड खिंडीकडे. कोण येणार आहे, असं विचारलं तर येतील म्हणतात.

त्या दिवशी डाव संपल्या संपल्या जुई धावत आली. गुडघा सोलला होता, लाल रिबीन कानावर लोंबत होती. मी खाली बसले आणि तिला समजावायला लागले, की मला वळायचंच होतं, पण गाडी आली होती, आणि पूर्वी हौसाबाई नावाची एक आई होती. वाक्य लांबत गेलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी मी म्हणाले, "माझं चुकलं, जुई. मला तू पळताना दिसलीच नाहीस."

"तू बघत नव्हतीस, म्हणून तर मी पळाले," जुई म्हणाली. "पुढच्या वेळी पण रस्त्याकडेच बस."