मैदानापुरते बळ

एकदा एका तालुक्याच्या गावी केरबा नावाचे वृद्ध क्रीडाशिक्षक राहत होते. अपघातात पाय अधू झाल्यापासून ते स्वतः व्हीलचेअरवर होते आणि आपल्यासारख्यांना व्हीलचेअरवरचा बास्केटबॉल शिकवीत. प्रल्हाद हा त्यांचा सर्वांत निष्णात शिष्य. धावती खुर्ची जागच्या जागी वळवणे, पुढची चाके उचलून तोल सांभाळणे, आडवे पडले तरी खुर्चीसकट उठणे, हे सारे दोन वर्षांच्या सरावाने त्याच्या अंगात मुरले होते.

एके सकाळी पोस्टाच्या चढावर गुरुजींना प्रल्हाद दिसला. त्याची साठीची आई मागून खुर्ची ढकलत होती. तिला धाप लागली होती आणि प्रल्हाद हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून बसला होता. पोस्टाच्या दारातल्या उंबऱ्यावरून तर तिने खुर्ची अक्षरशः ओढून आत घेतली. गुरुजी तिथूनच परतले.

संध्याकाळी सराव सुरू होताच त्यांनी शिट्टी वाजवली. कडेला बसलेल्या प्रल्हादच्या आईला ते म्हणाले, "ताई, आत या. आज याची खुर्ची तुम्ही ढकला."

सारे चकित झाले. आईने खुर्चीच्या मुठी धरल्या. चेंडू डावीकडे जाई, तोवर ती उजवीकडेच धडपडत असे. प्रल्हादचा चेहरा लाल झाला.

"गुरुजी, पुरे करा! मैदानात कुणी आईला ढकलायला लावतं का? मला येतं सगळं!"

"येतं ना? मग सकाळी चढावर तुझे हात कुठं होते?"

प्रल्हाद हळूच म्हणाला, "इथं सगळेच खुर्चीत असतात. रस्त्यावर मी एकटा. उंबऱ्यावर उलटलो तर लोक कीव करतील. लाज वाटते."

"इथं शंभरदा उलटलास, शंभरदा उठलास. बाळा, मदत घेण्यात कमीपणा नाही; जमत नाही तिथं मीही हाक मारतो. पण इथं जी चाकं उचलतोस, तीच उंबऱ्यावर उचलायची असतात. खेळानं दिलेलं बळ तू मैदानातच ठेवून घरी गेलास, आणि त्याचा भार ताईंनी वाहिला. चूक माझीही आहे. तुझे गुण मोजत राहिलो, तू घरी कसा जातोस हे कधी विचारलं नाही. सकाळी माझीच मान खाली गेली. ताई, आजच्या त्रासाबद्दल माफ करा."

परतताना प्रल्हादने चाके स्वतः फिरवली. फाटकाच्या पायरीवर खुर्ची कलंडली. रस्त्यावरचे दोघे धावत आले.

"थांबा, येतं मला," म्हणत तो उठला.

आई शेजारून चालू लागली. रिकाम्या हातांचे काय करावे, तिला कळेना. मग ती म्हणाली, "दोन वर्षं बरोबर जातोय आपण, पण चालताना तुझा चेहरा आज दिसतोय. मागून नुसतं डोकं दिसायचं."

प्रल्हादला तिच्याकडे पाहवेना. त्याने चाकांचा वेग तिच्या पावलांइतका कमी केला.