नंदी छापाची वाटणी

“मग चूक कुठं झाली, तेवढं तरी सांगा की अप्पा!”

गडहिंग्लजच्या मठात दुपारची पंगत उठून गेली होती. मठाचं सगळं बघणारे अप्पा खांबाला टेकून बसले होते. समोर प्रज्वल. भारी कापडाची पँट सांभाळत, एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर होत.

हा प्रज्वल म्हणजे मठाच्या शाळेत शिकलेलं पोर. बाप लहानपणीच गेला. बसवंतकाका त्याला सायकलच्या नळीवर बसवून इथं सोडायचे आणि शाळा सुटायच्या आधीच येऊन दारात उभे राहायचे. पुढं त्यांनीच त्याला परदेशी धाडलं. कायदा आणि व्यापार, दोन्हींची मोठी पदवी एकत्र मिळणार होती. काकांना त्या पदवीचं नाव काही कधी नीट घेता आलं नाही. पण गूळबाजारात कुणी विचारायचा अवकाश, छाती फुगवून सांगायचे, “वकिलीबी आणि धंदाबी. दोन्ही एका दमात!”

पोरगं पदवी घेऊन आलं. आणि आल्या आल्या बापाच्या आणि काकांच्या सामाईक गूळपेढीची वाटणी करून मोकळं झालं.

“वाटणी कायद्याला धरून आहे, अप्पा. कुठल्याही कोर्टात न्या.”

“असेल.”

“किमतीनंही बरोबर निम्मी. गोदाम आणि दोन्ही ट्रक काकांना. नंदी छाप मला. तोलून बघा.”

“तोललं कुणी?”

“मीच. ते शिकलोय मी.”

“आणि कागद?”

“तेही मीच. तेही शिकलोय.” प्रज्वलच्या आवाजात जुना ताठा परत आला. “त्यासाठीच तर हे शिक्षण, अप्पा. एरवी एक वकील लागतो, एक धंद्यातला जाणकार लागतो. दोघांची तोंडं दोन दिशांना. इथं दोन माणसांचं काम मी एकटा करतो.”

अप्पांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

नंदी छाप म्हणजे पेढीच्या गुळावरचा शिक्का. गुजरातेतले व्यापारी गूळ चाखायचे नाहीत, छाप बघून घ्यायचे. ती छाप गेली आणि काकांच्या गोदामात ढेपा नुसत्या बसून राहिल्या. मुंग्यांखेरीज गिऱ्हाईक नाही. अशा गोष्टी गावात लपतात थोड्याच? कांद्याच्या फोडणीसारख्या भिंत ओलांडून शेजारी जातातच. काकूंनी प्रज्वलचं नाव काढायचं सोडलं. काका मात्र भांडले नाहीत की कोर्टाची पायरी चढले नाहीत. सही करताना एवढंच म्हणाले होते, “तूच लिहिलंयस ना? मग वाचायचं काय त्यात?”

ते वाक्य प्रज्वलच्या घशात चिंचोक्यासारखं अडकून बसलं होतं. ना गिळता येत, ना थुंकता येत.

आणि आता काका-काकू गाव सोडून लेकीकडे हुबळीला निघाले होते. कायमचे. उद्या सकाळच्या गाडीनं, असं त्याच्या कानावर आलं होतं.

“तुम्ही एक शब्द टाका, अप्पा. वाटणी रास्त होती, एवढंच सांगा काकांना. तुमचं ऐकतील. थांबतील.”

“छाप परत देतोस?”

“तसं नसतं ते, अप्पा. छाप आता कंपनीच्या नावावर आहे. माझ्या एकट्याच्या हातात नाही.”

“कंपनी कुणाची?”

“…माझी.”

अप्पा उठले. सैपाकघरातून एक कडक भाकरी आणि गुळाचा खडा घेऊन आले. दोन्ही त्यांनी पानावर प्रज्वलपुढं ठेवलं.

“जेवला नसशील. मोड. दोघांत.”

प्रज्वलला भूक होतीच. त्यानं भाकरी हातात घेतली, फिरवून पाहिली, जाड कडा कुठली, करपलेली बाजू कुठली ते हेरलं आणि कट्‌कन मोडली. अगदी निम्मी. स्वतःवरच खूश होऊन त्यानं एक तुकडा उचलला, गूळ कुस्करून वर घातला, घास घेतला.

अप्पा पानातल्या दुसऱ्या तुकड्याकडे बघत राहिले. हात लावला नाही.

“घ्या ना, अप्पा. निम्मी निम्मीच आहे.”

“हो. निम्मीच आहे.”

प्रज्वलचं तोंड चावता चावता थांबलं.

या मठात पंगतीला पहिल्यांदा बसणाऱ्या पोरालाही एक रीत शिकवतात. ज्यानं मोडली त्यानं मागं राहायचं. दुसऱ्यानं आधी उचलायचं. प्रज्वल लहान असताना त्यानं एकदा मोडून लगेच हात घातला होता, तेव्हा काकांनी त्याचा हात धरून मागं घेतला होता. रागावून नव्हे, हसून.

“सवय मोडली, अप्पा…”

“आज सकाळी बसवंत येऊन गेला.”

“इथं? काय म्हणाले?”

“काही नाही. त्याच्यापुढंही भाकरी ठेवली. त्यानं मोडली आणि हात मागं घेऊन बसला. मी पूजेत होतो, माझा वाटा उचलायला मला उशीर झाला. तो बसूनच.”

“मग?”

“मग गाडीची वेळ झाली.”

“गाडी… उद्या होती ना?”

अप्पांनी कोनाड्याकडे बोट केलं. तिथं पानावर भाकरीचे दोन तुकडे होते. दोन्ही तसेच. वाळून कडा वर वळलेल्या.

हातातला घास प्रज्वलनं खाली ठेवला, मग तसाच धडपडत उठला.

“मी जातो हुबळीला. आत्ता जातो. गाठतो त्यांना…” दारापर्यंत गेला आणि वळला. “पण जाऊन सांगू काय, अप्पा?”

अप्पांनी प्रज्वलच्या पानातला उरलेला तुकडा उचलला. दारापर्यंत गेले आणि तो त्याच्या हातात ठेवला.

“हाही घे, बाळ. दोन माणसांचं काम एकटा करतोस ना… आता दोघांचं एकटाच जेव.”