काट्याची सावली

त्या राज्यात सावली सगळ्यांनाच होती, पण गुहेच्या भिंतीवर पडायची ती फक्त बगळ्यांची.

बगळे समुद्रापलीकडून आलेले. येताना दिवा घेऊन आलेले. दुपारी गुहेत तो पेटवून पुढ्यात उभे राहायचे, की भिंतीवर हे मोठाले बगळे प्रेम करायचे, भांडायचे, मरायचे. इकडची जनता खाली बसून रडायची. मेलेला बगळा बाहेर येऊन मासे गिळायचा, तरी रडायची. घोरपडी तर घरी एका पायावर उभं राहायला शिकत होत्या. धपाधप पडायच्या.

काट्या नावाचं एक साळिंदर होतं. एकदा गुहेतून परतताना त्याची आई म्हणाली, "आपल्यातलं कुणीच नाय रे दिसत तिथं?"

"आपल्याकडं दिवा कुठाय, आये?"

दुसऱ्या दिवसापासून ती करंजाच्या बिया फोडायला लागली. पुढचे दोन दात पडले, तेव्हा कुठं करवंटीभर तेल निघालं.

काट्यानं दिवा लावला. धूर एवढा की निम्मी गुहा खोकत होती. पण भिंतीवर साळिंदर आलं! काटे फुलवून कंद उकरायला लागलं. कपाळावरचा एक काटा वाकडा.

"अगं बाई, माझा काट्या!" आई ओरडलीच.

"हे काय बघायचं?" मागून एक घोरपड म्हणाली. "हे तर घरी पण दिसतं. मान कुठाय त्याला?"

सगळे हसले. बगळे नाही हसले. ते गोड आवाजात म्हणाले, "धूर होणार असेल, तर आम्ही आपला दिवा घेऊन जातो बापडे."

"नको, नको!" गुहा कळवळली.

"मग काट्यालाच आमच्या दिव्यापुढं येऊ दे. फक्त जरा नीटनेटका ये हं, काट्या."

काट्याला वाटलं, बरंच झालं. धूर नसला तर आईला नीट दिसेन. त्यानं पाठीवरचे काटे उपटले. लांब होते ते पायांना बांधले, दोन चोचीसारखे तोंडाला लावले. कपाळावरचा वाकडा तेवढा राहिला.

"हा ठेवू?"

"बगळ्याला असतो का?" असं बगळा नाही म्हणाला. घोरपड म्हणाली. ती आता दिव्याची वात सारायला होती.

काट्यानं तोही उपटून गुहेच्या दारात टाकला.

त्या दुपारी आई सगळ्यांच्या आधी येऊन पुढं बसली. स्वच्छ उजेड पडला. भिंतीवर उंच, सडपातळ कुणीतरी आलं, मान वाकवून असं काही मेलं की गुहा हुंदके द्यायला लागली. आईसुद्धा रडली. मग डोळे पुसून वात सारणाऱ्या घोरपडीला म्हणाली,

"बगळा छान होता गं. आता माझ्या काट्याला पाठव की. हा बघ, त्याचा काटा दारात पडला होता. याच्यावाचून लाजत असेल बाहेर यायला."

भिंतीवरचा मेलेला बगळा थरथरत होता.