बोरखोरीचा कोतवाल आणि तीन हाका

एका गावात एक भोळा कोतवाल होता. नाव येसबा. गाव मात्र फोनमध्ये होतं. खरं बोरखोरी धरणाच्या पाण्याखाली गेलं, माणसं दाही दिशांना पांगली, तेव्हा शेलार आबांनी फोनवर एक ग्रुप काढला आणि त्यालाच बोरखोरी म्हणायला सुरुवात केली. ग्रुपात असेल तो गावचा नागरिक, बाहेर असेल तो उपरा. दुसरं गाव उरलंच नव्हतं, म्हणून लोक या नागरिकत्वाला जिवापाड जपत.

आधी सगळा कारभार आबांच्या मर्जीवर चाले. त्यांच्या सकाळच्या सुविचाराला कुणी हात जोडले नाहीत, की झाला तो गावाबाहेर. फार ओरड झाली तेव्हा सुधारणा ठरली: आत घ्यायचा आणि बाहेर काढायचा हक्क एकट्या कोतवालाकडं द्यायचा. पक्षपात करणार नाही असा कोतवाल हवा होता. सगळ्यांना एकदम येसबा आठवला. पक्षपात करायलाही थोडी अक्कल लागते.

येसबाचा बाप पाण्याखालच्या गावाचा कोतवाल होता. बापाची कोतवालकी आपल्याकडे आली म्हणून त्याला आनंदानं रडू आलं. गावात सगळ्यांत म्हातारी बयाक्का. तिनं लिहिलं, "बापाचं नाव राख. जेवलास का?" जेवलास का, हे ती त्याला रोज विचारायची. बाकी कुणी विचारत नसे.

आबांनी पहिला धडा दिला. येईल त्याला विचारायचं, तुझ्या घरापुढं कुठलं झाड होतं. सांगता आलं नाही तर घ्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी आबांचीच नवी सून दारात आली. पोरगी धरण भरल्यावर जन्मलेली, तीही नगरला. तिला झाड काय ठाऊक? येसबानं तिला परत पाठवलं. सासरच्या गावात जागा नाही म्हणून ती रुसून माहेरी गेली. आबा तिची समजूत काढून आले आणि येसबाला म्हणाले की बाईमाणूस दारात आलं तर चौकशा करू नयेत, मानानं आत घ्यावं.

येसबानं मान डोलावली आणि सुनेला आत घेतलं. आठवड्यानं अनोळखी नंबरावरून एका बाईचा फोटो आला. येसबानं काही विचारलं नाही. ओवाळणीच्या ताटाचं चित्र पाठवून तिला आत घेतलं. संध्याकाळपर्यंत बाईनं निम्म्या गावाला केस उगवायचं तेल विकलं. आबांनी दोन बाटल्या घेतल्या. बाटल्या संपल्या, टक्कल तसंच राहिलं.

आबा चिडले. यापुढं आत घ्यायचं तर दोन नागरिकांचा होकार घ्यायचा, असा नियम झाला. आणि कुणी काही विकायला आला तर तडक बाहेर.

पुढं धरणाच्या काठावर हलवलेल्या देवीची जत्रा आली. देवीच्या गुरवानं ग्रुपात लिहिलं, नारळ आणलेत, हवे त्यांनी घेऊन जावे. येसबानं त्याला तडक बाहेर काढलं. गुरव म्हणाला, मी गावचा नाही तर देवी तरी माझी कशी? तो घरी बसून राहिला. पूजा आबांना करावी लागली. मंत्र येत नव्हते, म्हणून त्यांनी आरतीच दोनदा म्हटली.

"आरं येड्या," आबा म्हणाले, "बोलत्या माणसाला काढत न्हाईत. जो नुसता गप पडून ऱ्हातो त्याला काढायचं. त्येबी तीन हाका मारून. आता आणखी एक चूक केलीस, तर तुझी कोतवालकी गेली म्हणून समज."

बापाचं नाव जायची वेळ आली होती. येसबानं ठरवलं, आता नियमाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

त्याच आठवड्यात बयाक्का वारली. बोरखोरीची जुनी रीत अशी, की गावात मयत झालं तर दुसरा दिवस उजाडेपर्यंत कुणी हाकेला ओ द्यायची नाही. आबांनी सगळ्यांना कळवलं, रीत पाळा. सगळं गाव चिडीचूप झालं.

येसबा पोटभर रडला. त्या दिवशी जेवलास का, असं कुणी विचारलं नाही. डोळे पुसून बघतो तर गावात एकही माणूस बोलेना. सगळे गप पडून. नियम तर नियम. त्यानं एकेकाला तीन तीन हाका मारल्या. आबांनी आपल्या तिन्ही हाका वाचल्या, दातओठ खाल्ले, पण रीत मोडली नाही. येसबानं आबांना काढलं. मग त्यांच्या सुनेला काढलं. मग बाकीच्यांना काढलं. बयाक्काला हाक मारायला तेवढं त्याचं मन धजलं नाही; तिचा नंबर ग्रुपात तसाच राहिला.

उजाडताच माणसं गाड्या करकरून येसबाच्या दारात जमली. कुणी शिव्या देत होतं, कुणी रडत होतं. गाव दुसऱ्यांदा बुडालं होतं. आबांनी कोतवालकीचं नावही काढलं नाही. ते हात जोडून म्हणाले, आम्हाला आत घे.

"घेतो की," येसबा म्हणाला. "पर दोन नागरिकांचा होकार लागतो, तुमीच सांगितलंय. एक माझा हाय. बयाक्काला ईच्यारलंय."

"आरं, ती गेली न्हवं का," आबा म्हणाले.

"म्हणून तर दोनदाच ईच्यारलंय. तिसऱ्यांदा न्हाई ईच्यारत. न्हाई बोलली तर तिलाबी काढावं लागंल. मग तुमच्या होकाराला माणूस कुठनं आणू?"