गौरीच्या गालावरचा वळ

ऐका गौरीमाय, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, नगराला नदी होती, नदीकाठी गोदूबाईचं घर होतं. लेक एक, रंगनाथ. सून एक, मैना. रंगनाथाला बसायला पाट, भातावर तूप. मैनेला भुई आणि उरलंसुरलं. लाडानं वाढवलेला लेक, मीठ कमी पडलं की त्याचा हात उठे. गोदूबाई म्हणे, बाईच्या जातीनं सोसावं, मीही सोसलं.

मग भादवा आला. गौर माहेराला आली. गोदूबाईनं तिला पाटावर बसवलं, ओवाळायला निरांजन वर नेलं, तो गौरीच्या गालावर चार बोटांचा वळ. दुधानं पुसला, जाईना. गुलाबपाण्यानं पुसला, जाईना. पदरानं पुसला, जाईना. मागं वळून पाहिलं, तर तोच वळ मैनेच्या गालावर. मग गोदूबाईचा हात आपल्याच गालावर गेला. तिथंही जुना वळ दुखत होता.

दुपारी तिचा डोळा लागला. घरात नदीचं पाणी आलं, संथ, कोमट. पाट रिकामाच तरंगत होता. गौर भुईवर मैनेशेजारी बसली होती.

"गोदूबाई, परक्याच्या लेकीला भुई दिलीस, मीही तिथंच बसणार. खाली बसवलेल्या माणसावर हात लवकर पडतो गं. तिसऱ्या दिवशी जाईन, ती हिला घेऊनच जाईन."

गोदूबाईनं पाय धरले, उपाय विचारला. गौर म्हणाली, हिला पाट दे, आधी हिला वाढ, लेकाचा शब्द घे. उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको.

दुसऱ्या दिवशी पुरणाचं जेवण. घरात पाट दोनच. एक गौरीचा, दुसऱ्यावर गोदूबाईनं मैनेला बसवलं, तिला आधी वाढलं. रंगनाथ लाल झाला, त्याचा हात वर गेला. मग गोदूबाई मधे आली, तिनं आपला गाल पुढं केला.

"इथं मार. तुझ्या बापानं जागा करून ठेवलीय."

हात वरच राहिला. मग खाली आला. मग रंगनाथ भुईवर बसला. पुन्हा हात उठला तर घर मी सोडीन, ती नाही, असा गौरीसमोर शब्द दिला. गौरीचा गाल निवळला.

तिसऱ्या दिवशी मैना गौर बोळवायला नदीवर गेली. ऊन कललं, मैना येईना. गोदूबाई दारात उभी, जीव टांगणीला. मग ती आली. ओटीत नदीचे पाच खडे होते, ते घरभर टाकायचे. उंबऱ्यात थांबून म्हणाली,

"सासूबाई, सुताराला तिसरा पाट सांगून आले. तुम्ही कशावर बसणार?"

पाट गोदूबाईच्या माहेरचे, पण ती जन्मात कधी पाटावर बसली नव्हती. ती मैनेला धरून रडली.

जशी गौर गोदूबाईच्या घरी निवली, तशी तुमच्याआमच्या घरी निवो, कुणा लेकीसुनेच्या गाली वळ न उठो. ही साठा उत्तरांची कहाणी, पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होवो.