छातीतले खूर

माणसांनी जंगलात वाट पाडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. चितळांचा नियम होता: वाघाचा वास आला की खूर आपटायचा, आणि तो ऐकून सगळ्यांनी पळायचं.

एकदा पाणवठ्यावर ठिपकी नावाच्या हरिणीला खूर ऐकू आले. धाड धाड! श्वास कोंडला. ती जीव घेऊन पळाली. वळून पाहिलं, तर कळप शांतपणे पाणी पीत होता.

तिने पाणवठा सोडला. मग मोहाच्या झाडाखाली तसंच झालं, ते झाड सोडलं. कुरणही सोडलं. शेवटी करवंदीच्या जाळीत ती पानांवरचं दव चाटत राहिली. तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

म्हातारी आत्या शोधत आली. तिने ठिपकीच्या छातीला कान लावला.

"पोरी, हे खूर तुझ्या आतच वाजतायत."

"पण आता मरतेच, असं वाटतं गं!"

"मलाही वाटायचं. पळालं की वाढतं. उभं राहिलं की दमून थांबतं."

"मग परत नाही ना येणार?"

आत्याने तिला नाकाने ढकलत जाळीतून बाहेर काढलं. ती पाणवठ्यापर्यंत सोबत चालत गेली.

काठावर खूर पुन्हा वाजू लागले. ठिपकी थरथरत उभी राहिली. ते थांबायची वाट न पाहता तिने मान खाली घातली आणि पाण्याला तोंड लावलं.